वाडा नेमका कुणाचा?

पॅरिसमध्ये नव्यानं आलेल्या माणसाची पहिली फजिती होते ती 'ओतेल' या शब्दानं. नकाशा उघडावा तर जागोजागी ओतेल. त्यातलं 'ओतेल द व्हील' म्हणजे नगरपालिकेची कचेरी आणि 'ओतेल-द्यू' म्हणजे चक्क इस्पितळ, हे कुणीतरी सांगितल्यावरच कळतं. सँ-आंतुआन रस्त्यावर 'ओतेल द स्यूली' अशी पाटी दिसली तेव्हा आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी, "दार तर मोठं झोकदार आहे, खोलीचा दर तरी विचारून या," असं मला सुचवलं होतं. मीही विचारायला म्हणून आत शिरलो. आत ना स्वागतकक्ष होता, ना सामान उचलणारा पोऱ्या. होतं ते एक दगडी फरसबंद आवार, आणि आवाराच्या तिन्ही बाजूंनी माझ्याकडे पाहणाऱ्या कोरीव मूर्ती.

जुन्या फ्रेंच भाषेत 'ओतेल' म्हणजे शहरातलं बड्या माणसाचं राहतं घर. सरदार, खजिनदार, न्यायाधीश, मंत्री यांचं. खेड्यातल्या त्याच्या गढीला 'शातो' म्हणायचं आणि राजधानीतल्या घराला 'ओतेल'. आपल्याकडे पेशवाईतल्या सरदाराचा जहागिरीच्या गावी वाडा असे आणि पुण्यातही एक असे, तसाच हा प्रकार. म्हणून या लेखात मी त्याला सरळ वाडाच म्हणणार आहे.

या वाड्यांची एक ठरीव मांडणी आहे. ती एकदा समजली की अख्खा जुना पॅरिस वाचता येऊ लागतो. रस्त्यावर घर दिसतच नाही. दिसते ती उंच भिंत किंवा नोकरचाकर, तबेले यांची पुढची ओळ, आणि तिच्या मध्ये घोडागाडी आत जाईल एवढा दरवाजा. त्या दरवाजातून आवारात यायचं. आवाराच्या टोकाला समोर मालकाचं मुख्य घर, आणि त्या घराच्या पाठीमागे बाग. 'आवार आणि बाग यांच्यामध्ये' असंच या रचनेचं नाव आहे. रस्त्याचा गोंगाट, चिखल, भिकारी, भाजीवाले हे सगळं आवाराच्या पलीकडे राहतं, आणि मालकाच्या दिवाणखान्याची खिडकी उघडते ती बागेवर. दारापासून घरापर्यंतचं अंतर हाच इथं प्रतिष्ठेचा हिशेब. आवार जितकं मोठं, तितकी पाहुण्याला मालकाची थोरवी चालत मोजावी लागते.

ओतेल द स्यूली या मांडणीचा धडाच आहे. १६२५ ते १६३० या काळात तो मेम गाले नावाच्या सावकारी करणाऱ्या धनिकानं बांधून घेतला. पुढं १६३४ साली तो विकत घेतला स्यूलीच्या ड्यूकनं. चौथ्या आंरीचा हा विश्वासू मंत्री तेव्हा सत्तरी ओलांडून गेला होता. आवारात उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चार महाभूतं कोरलेली दिसतात, पृथ्वी, आप, तेज, वायू. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश तेवढं त्यांच्याकडे नाही. समोर शरद आणि हेमंत, आणि घरातून पलीकडे बागेत गेलं की मागच्या भिंतीवर वसंत आणि ग्रीष्म. बागेच्या टोकाला थंडीत संत्र्याची झाडं ठेवण्याची लांबट इमारत आहे आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसं दार. त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की आपण एकदम प्लास दे व्होज या विटकरी रंगाच्या देखण्या चौकाच्या कमानींखाली उभे असतो. मी त्या दिवशी असाच बाहेर पडलो. सोबतचे गृहस्थ रस्त्यावरच्या दारात माझी वाट पाहत अर्धा तास उभे, आणि मी वाड्याच्या पोटातून पलीकडच्या चौकात! तिकीट नाही, चौकशी नाही. कारण या वाड्यात आज देशातल्या राष्ट्रीय स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी संस्थेची कचेरी आहे, आणि आवार व बाग सर्वांना खुली आहे.

मात्र हे सगळं नेहमीच असं नीटनेटकं नव्हतं, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

चिखलातून वर आलेला मोहल्ला

स्यूलीचा हा वाडा ज्या भागात आहे त्याचं नाव मारे, म्हणजे दलदल. सतराव्या शतकात इथं वाडे बांधण्याची चढाओढ लागली. पण पुढं दरबार व्हर्सायला गेला, श्रीमंतांची हौस नदीपलीकडच्या सँ-जेर्मँ भागात सरकली, आणि १७८९च्या राज्यक्रांतीनंतर तर उरलेसुरले सरदारही पांगले. वाडे विकले गेले, त्यांच्या खोल्या पाडून पाडून भाड्यानं दिल्या गेल्या. आवारात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. ज्या दिवाणखान्यात मेजवान्या झडत तिथं टोप्या, दागिने, चामड्याच्या पिशव्या बनवणारे कारागीर बसू लागले. पूर्व युरोपातून आलेली गरीब ज्यू कुटुंबं रोझिए रस्त्याच्या आसपास वसली. स्यूलीच्या वाड्यातही दुकानं थाटली गेली आणि वाढीव बांधकामांनी त्याचा चेहरा झाकून गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारे म्हणजे शहराच्या अंगावरचं गळू, अशीच पुष्कळांची भावना होती. क्षयानं होणारे मृत्यू मोजून पॅरिसमधले सतरा मोहल्ले 'आरोग्यास अपायकारक' ठरवले गेले, त्यातला सोळा नंबरचा मोहल्ला इथलाच, सँ-जेर्वे चर्चच्या मागचा. १९२५ साली ल कोर्बुझिए या तरुण वास्तुकारानं नदीच्या उजव्या तीरावरचा मोठा भाग सपाट करून तिथं अठरा टोलेजंग मनोरे उभारण्याचा आराखडा मांडला. चंडीगडचे शिल्पकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हेच. आराखडा कागदावरच राहिला, हे पॅरिसचं नशीब. पण जुनं ते रोगट, म्हणून पाडायचं, हा विचार कागदावर राहिला नाही. सोळा नंबरच्या मोहल्ल्यातली कितीतरी घरं खरोखरच रिकामी करून पाडली गेली.

स्मारकं वाचवण्याचा कायदा त्या वेळी फ्रान्समध्ये नव्हता असं नाही. उलट या बाबतीत तो देश फार जुना. १८३० साली ऐतिहासिक स्मारकांसाठी मुख्य निरीक्षकाचं पद निर्माण झालं, आणि १८३४ पासून ते सांभाळलं प्रॉस्पेर मेरिमे यांनी. 'कारमेन' ही कथा लिहिणारे तेच हे. घोडागाडीतून देशभर हिंडून त्यांनी पडक्या चर्चांची आणि किल्ल्यांची टिपणं काढली. १८४० साली पहिली यादी झाली. १८८७ साली कायदा आला. मात्र खाजगी मालकाच्या घराला हात लावायचा तर त्याची संमती लागे. १९१३च्या कायद्यानं ती अडचण दूर केली. सार्वजनिक हिताचं असेल तर मालकाची इच्छा नसतानाही इमारत संरक्षित करता येऊ लागली. १९४३ साली आणखी पुढचं पाऊल पडलं. संरक्षित इमारतीभोवतीच्या पाचशे मीटरच्या परिसरातही परवानगीशिवाय बदल करायचा नाही, असा नियम झाला.

तरीही एक उणीव होतीच. कायदा एकेका वाड्याला ओळखत होता, मोहल्ल्याला नाही. मधला वाडा संरक्षित आणि आजूबाजूची साधी घरं जमीनदोस्त, म्हणजे दात पडलेल्या तोंडात एकच सोन्याचा दात. ४ ऑगस्ट १९६२ रोजी आंद्रे मालरो यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा आला, तो यासाठी. मालरो कादंबरीकार आणि तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री. या कायद्यानं अख्खा मोहल्लाच 'संरक्षित क्षेत्र' ठरवता येऊ लागला. मारेचा १२६ हेक्टरचा भाग १९६४ साली अशा क्षेत्रात आला. आवारातल्या शेड आणि वाढीव मजले काढून टाकायचं काम सुरू झालं. त्याला त्यांनी शब्द वापरला तोही शस्त्रक्रियेतलाच, खरवडून काढण्याचा. हळूहळू वाडे मोकळे झाले, उजळले. मीठपट्टीतून पैसा मिळवणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या वाड्यात १९८५ साली पिकासोचं संग्रहालय उघडलं. स्यूलीचा वाडा सरकारनं १९४४ मध्येच विकत घेतला होता, त्याची दुरुस्ती पुढं कितीतरी वर्षं चालली.

या यशाची किंमतही सांगायला हवी. शेड गेल्या, त्यांच्याबरोबर शेडमधले कारागीर गेले. दगड घासून स्वच्छ झाले तसे भाडेकरू बदलले. आज मारेमध्ये खोली घेणं हे साध्या पगारदाराच्या आवाक्यातलं काम राहिलेलं नाही. घर वाचवायचं म्हटलं की ते कुणासाठी वाचवायचं हा प्रश्न मागोमाग येतोच, आणि त्याचं उत्तर मारेनं फारसं चांगलं दिलं आहे असं मला वाटत नाही.

तळघरातली माणसं

फ्रांस्वा मिरों रस्त्यावर ४४-४६ क्रमांकाचं एक जुनं घर आहे. वरचं घर सोळाव्या शतकातलं, पण खालचं तळघर त्याहून तीनशे वर्षांनी जुनं, तेराव्या शतकातलं. उर्स्काँ नावाच्या मठातले साधू शहरात आले की इथं उतरत, माल साठवत. हेही घर पाडायच्या यादीत होतं. साठच्या दशकात काही तरुण मंडळी पुढं आली. मोहल्ला वाचवण्यासाठी भरणाऱ्या उत्सवात काम करणारी ही पोरं. त्यांनी १९६३ साली 'जुन्या पॅरिसचं जतन आणि संवर्धन' करणारी संस्था काढली आणि फावडी-घमेली घेऊन हे तळघर उपसायला घेतलं. गाळानं आणि राडारोड्यानं भरलेली ती जागा मोकळी केल्यावर खाली दगडी खांब आणि टोकदार कमानींचं ते जुनं दालन उजेडात आलं.

मी त्या तळघरात उतरलो. बाहेर ऊन होतं, खाली गारवा. दाराशी संस्थेचे स्वयंसेवक बसतात, बहुतेक निवृत्त मंडळी. आल्यागेल्याला हौसेनं माहिती सांगतात, परिसराच्या फेऱ्या घडवतात. आपल्याकडच्या एखाद्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसणाऱ्या काकांसारखीच माणसं. त्यांच्याकडे पाहून कुणाला वाटणार नाही की या संस्थेनं २००९ साली एका राजघराण्यातल्या धनाढ्य मालकाला आणि त्याला परवानगी देणाऱ्या फ्रान्सच्या मंत्र्यांना न्यायालयात खेचलं होतं. ज्या घरासाठी खेचलं, ते तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

बेटाच्या टोकावरचा वाडा

सेन नदीत दोन बेटं आहेत. मोठ्या बेटावर नोत्र दाम. धाकटं ते सँ-लुई. हे बेट म्हणजे मुळात गाईंच्या चराईची दोन छोटी बेटं. १६१४ सालच्या करारानं क्रिस्तोफ मारी या कंत्राटदारानं ती जोडून त्यावर रस्ते आणि पूल बांधायला घेतले. त्या बेटाच्या पूर्व टोकाला, जिथं नदी दुभंगते तिथं, १६४० साली झाँ-बाप्तिस्त लांबेर या धनिकानं वाडा बांधायला काढला. वास्तुकार लुई ल व्हो, वय वर्षं अठ्ठावीस. आत रंगकाम करायला पुढं आलेले दोन चित्रकार उस्ताश ल स्यूर आणि शार्ल ल ब्रँ, तेही त्याच्याहून लहान. लांबेरला हे घर फारसं लाभलं नाही. १६४४ साली तो वारला आणि उरलेली सजावट त्याचा भाऊ निकोला यानं पुरी केली.

जागा बेटाच्या टोकाची, त्यामुळे ठरीव मांडणी इथं जमेना. आवाराच्या मागे बाग ठेवावी तर नदीचा देखावा वाया जातो. ल व्होनं काय केलं, तर आवाराच्या समोर नुसता भव्य जिना ठेवला आणि बाग बाजूला काढून नदीकाठच्या रस्त्यापेक्षा उंचावर एखाद्या गच्चीसारखी बसवली. जिना चढून गेलं की बागेच्या कडेनं नदीच्या दिशेनं जाणारं लांबलचक दालन लागतं. त्याच्या टोकाची भिंत बाहेरच्या बाजूनं गोलाकार आहे. जणू जहाजाचा नाकाडा. त्या दालनाच्या छतावर ल ब्रँनं हर्क्युलिसच्या पराक्रमांची चित्रं काढली. पुढं याच ल व्हो आणि ल ब्रँ यांची जोडी अर्थमंत्री फुके यांच्या व्हो-ल-व्हिकोंत या गढीवर जमली आणि तिथून चौदाव्या लुईनं त्यांना व्हर्सायच्या राजवाड्यावर नेलं. व्हर्सायचं आरसेमहाल पाहून लोक थक्क होतात. त्या महालाचं छत रंगवणाऱ्या हातानं आपली तालीम या बेटावरच्या घरात केली होती.

घराला माणसंही तशीच लाभली. १७३९ साली ते शातले दांपत्यानं घेतलं. न्यूटनचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणाऱ्या विदुषी एमिली द्यु शातले त्या याच, आणि त्यांच्यामुळे व्होल्तेरचं नाव या घराशी जोडलं गेलं. १८४३ साली ते पोलंडच्या चार्टोरिस्की या राजपुत्राच्या घराण्याकडे आलं. त्या वेळी पोलंड नकाशावरून पुसला गेला होता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला होता. पॅरिसमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश देशभक्तांचं हे घर म्हणजे दुसरं माहेर झालं. निर्वासितांच्या मदतीसाठी इथं समारंभ होत, शोपाँ तिथं येत असे. पोलंडच्या इतिहासात एका राजकीय पक्षाचं नावच 'ओतेल लांबेर' असं आहे. ज्यांना देश उरला नव्हता त्यांनी एका वाड्यालाच आपली राजधानी केलं. शेवटी १९७५ साली चार्टोरिस्कींच्या वारसांनी तो रॉथशील्ड घराण्यातल्या बॅरन गी यांना विकला. त्याआधी तिथं भाड्यानं राहणाऱ्या एका शौकीन बॅरननं डिसेंबर १९६९ मध्ये 'पौर्वात्य' थाटाची मेजवानी दिली होती आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी आवारात कागदाच्या लगद्याचे मोठाले हत्ती उभे केले होते. आपल्या हत्तीनंही या आवारात अशी हजेरी लावली आहे!

हे घर १८६२ पासून संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. म्हणजे मालकानं खिळा ठोकायचा म्हटलं तरी सरकारला विचारायचं, आणि त्या बदल्यात दुरुस्तीच्या खर्चात सरकारी मदत व करात सूट मिळू शकते. फ्रान्समध्ये अशा संरक्षित इमारती पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या खाजगी मालकीच्या. २००७ साली कतारच्या राजघराण्यानं हा वाडा विकत घेतला आणि दुरुस्तीचा मोठा आराखडा तयार झाला. वातानुकूलन, उद्वाहन, अद्ययावत न्हाणीघरं, जमिनीखाली मोटारी ठेवायची जागा आणि मोटारींसाठी उद्वाहन. आराखडा सरकारमान्य ज्येष्ठ वास्तुकाराचा होता. जून २००९ मध्ये सांस्कृतिक मंत्र्यांनी त्याला परवानगी दिली.

इथं ती तळघरातली माणसं उभी राहिली. सप्टेंबर २००९ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयानं मंत्र्यांच्या परवानगीला स्थगिती दिली. सरकारनं परवानगी दिली म्हणजे प्रश्न संपला असं नाही, हे न्यायालयानं एका स्वयंसेवी संस्थेच्या अर्जावर सांगितलं. या निकालाची मला सर्वांत जास्त अपूर्वाई वाटते. जानेवारी २०१० मध्ये मालक, संस्था आणि सरकार यांच्यात समझोता झाला, वादग्रस्त कामांत बदल करायचं मान्य झालं आणि दुरुस्ती सुरू झाली.

भांडण केवळ मोटारींचं नव्हतं. त्याच्या मुळाशी एक जुना पेच आहे. साडेतीनशे वर्षांत प्रत्येक मालकानं घरात काही ना काही भर घातली होती. दुरुस्ती करताना घर नेमकं कोणत्या साली नेऊन ठेवायचं? ल व्होच्या काळात न्यायचं तर मधल्या दोन-तीन शतकांच्या खुणा खरवडाव्या लागतात. आणि सगळ्याच खुणा ठेवायच्या तर मालकानं राहायचं कसं? आपल्या वाड्यातली शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर आजोबांनी बसवलेली शहाबादी फरशी, आणि तिच्यावर वडिलांनी बसवलेल्या टाइल्स, यातली 'खरी' जमीन कोणती? याचं उत्तर वास्तुकाराला एक वाटतं, इतिहासकाराला दुसरं आणि घरात राहणाऱ्याला तिसरंच.

१० जुलै २०१३

हा वाद मिटून काम निम्म्यावर आलं असताना १० जुलै २०१३च्या पहाटे वाड्याच्या छपराला आग लागली. घर दुरुस्तीसाठी रिकामं होतं, त्यामुळे माणसं वाचली. सुमारे १४० बंबवाले तासन् तास झुंजत होते. नदीच्या दोन्ही तीरांवर लोक उभे होते. छप्पर गेलं. हर्क्युलिसचं दालन धुरानं आणि पाण्यानं खराब झालं, पण बचावलं. वाचलं नाही ते एक लहानसं न्हाणीघर. त्या न्हाणीघराचं छत उस्ताश ल स्यूरनं रंगवलं होतं.

ल स्यूरची या घरात आणखी दोन दालनं होती, एक मदनाचं आणि एक कलादेवतांचं. त्यातली चित्रं १७७६ साली सोळाव्या लुईच्या संग्रहासाठी विकत घेतली गेली आणि भिंतींवरून उतरवून नेली गेली. आज ती लूव्ह्र संग्रहालयात आहेत. मी ती पाहिली आहेत. पाहताना मनात आलं होतं की चित्रकारानं ज्या खिडकीचा उजेड मनात धरून ती रंगवली त्या खिडकीपासून त्यांना तोडणं हा केवढा अन्याय! वारसा जतन करणारे लोकही हेच सांगतात, की वस्तू तिच्या जागी राहावी. पण हिशेब पाहा. जी उचलून नेली ती वाचली, आणि जे छत आपल्या जागी राहिलं ते त्या पहाटे जळून गेलं. ल स्यूरनं ज्या जागेसाठी रंगवलं त्या जागी टिकून राहिलेलं ते काम पावणेचारशे वर्षांच्या आसपास जगलं आणि दुरुस्ती चालू असतानाच संपलं.

पुढं १५ एप्रिल २०१९ रोजी शेजारच्या बेटावर नोत्र दामचं छप्परही असंच दुरुस्तीच्या काळात जळालं. ते चर्च जगाचं, म्हणून जगानं पैसा दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची दारं पुन्हा उघडली. न्हाणीघराच्या छतासाठी कोण रडणार? ते तर बहुतेकांनी पाहिलेलंही नव्हतं.

हाच मुद्दा मला या सगळ्यात बोचतो. ओतेल लांबेरचं दार सामान्य माणसाला उघडत नाही. ज्या संस्थेच्या लोकांनी त्याच्यासाठी न्यायालय गाठलं त्यांना त्या घरात राहायचं नव्हतं, त्यातली एक खुर्चीही मिळणार नव्हती. मग एवढा आटापिटा कशासाठी? व्हिक्टर ह्यूगो १८३२ साली प्लास दे व्होजमध्ये राहायला आले, स्यूलीच्या वाड्याच्या अगदी कुशीत, आणि त्याच वर्षी त्यांनी जुन्या इमारती पाडणाऱ्यांविरुद्ध खरमरीत लेख लिहिला. इमारत वापरायचा हक्क मालकाचा असला तरी तिच्या देखणेपणावर सगळ्यांचाच हक्क असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. फ्रान्समधले पुढचे सगळे कायदे म्हणजे या एका विचाराला कलमं आणि पोटकलमं जोडण्याची खटपट आहे. ती खटपट पुष्कळदा फसते. मंत्री चुकीची परवानगी देतात, भाडेकरू देशोधडीला लागतात, छप्पर जळतं. तरी तळघरातली माणसं पुन्हा दाराशी येऊन बसतात.

आपल्याकडे मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींचे नियम झाले, भारतातले आपल्या तऱ्हेचे पहिलेच. याद्या झाल्या, दर्जे ठरले. पण पुण्याच्या पेठांतून चालताना मोडकळीला आलेला वाडा आणि त्याच्यावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी दिसली की मी हल्ली थबकतो. आत भाडेकरू असतात, वारसांचे दावे असतात, गळकं छप्पर असतं. मालकाला दोष देणं सोपं आहे, पण वाडा टिकवायचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारून त्याच्या कोरीव खांबांचं कौतुक आपण फुकट करायचं, हाही न्याय नव्हे. ज्याचा उपभोग सगळ्यांचा, त्याचा थोडाफार भारही सगळ्यांनीच उचलायला हवा. फ्रान्सनं करसवलतीच्या आणि मदतीच्या रूपानं तो थोडाफार उचलला, एवढंच.

ओतेल लांबेर २०२२ साली पुन्हा विकला गेला, या वेळी एका फ्रेंच उद्योगपतीला. आतलं सामानसुमान त्याच वर्षी लिलावात गेलं. शेवटच्या संध्याकाळी मी बेटावर गेलो. आंजू धक्क्यावरून वर पाहिलं की उंच भिंतीपलीकडे बागेतल्या झाडांचे शेंडे दिसतात आणि त्यांच्यामागे त्या दालनाचा गोलाकार नाकाडा. दार बंद होतं. त्या भल्यामोठ्या दाराकडे पाहताना मला आमच्या वाड्याची दिंडी आठवली. मोठा दरवाजा सणासुदीलाच उघडायचा, एरवी सगळी ये-जा त्यातल्या लहानशा दिंडीतून. तिथून वाकून जावं लागे, पण कुणालाही जाता येई.

मी थोडा वेळ थांबलो आणि पूल ओलांडून पलीकडे सँ-आंतुआन रस्त्याला आलो. स्यूलीच्या वाड्याचं दार उघडंच होतं. आवारात दोन मुलं पायऱ्यांवरच्या दगडी स्फिंक्सवर चढायचा प्रयत्न करत होती आणि त्यांची आई त्यांना रागावत होती. मी आवार ओलांडलं, बाग ओलांडली आणि कोपऱ्यातल्या लहान दारातून चौकात बाहेर पडलो.